गल्लीची पोच

शनिवार पेठ, पुणे
५ जून

चि. ऋचा,
आशीर्वाद आहेतच, आधी तक्रार ऐक.

तुझ्या कंपनीची माणसं येऊन गेली. बूट घालूनच घरात शिरली, भिंतीला भोकं पाडली आणि घराघरांत एकेक डबा बसवून गेली. ‘आजी, धरणातून पाणी सोडायच्या आधी हा बोलेल,’ म्हणाली. मी म्हटलं, माझा जावईसुद्धा सांगून बोलत नाही, हा काय बोलणार. तर हसली. हसायला काही झालं नव्हतं.

मी फोन का करत नाही म्हणून तू दिगंबरमामाकडे रडलीस म्हणे. अगं, फोनवर तुझं बोलणं मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुझा मामा आपल्या मनाने भरतो. मागच्या वेळी त्याच्यामुळे तुझं लग्न ठरलं होतं. तेव्हा पत्रच लिही. चौथीपर्यंत शिकले आहे, अक्षर मोठं काढ म्हणजे झालं.

गल्ली तुला आठवते ना? वरच्या अंगाला आमची इमारत, आणि उतरून गेलं की नदीच्या भिंतीला पाठ लावून बसलेली बैठ्या खोल्यांची रांग. त्या रांगेत शेवटची खोली द्वारकाची. इस्पितळात रात्रपाळीची आया आहे, दिवसा झोपते. आजवर झोपायच्या आधी ती भिंतीवरून वाकून नदी बघून यायची. पाणी कुठवर आलंय ते बघायचं आणि मग पाठ टेकायची. डबा आल्यापासून जात नाही. म्हणते, ‘आजी, आता बघायचं काम याचं.’

एका डब्यावर ‘मुख्य सेट’ अशी चिठ्ठी आहे. आमचे अध्यक्ष हिंमतराव, जकात नाक्यावरून रिटायर झालेले, त्यांनी त्याला झेंडूचा हार घातला. मी विचारलं, नारळ कधी फोडताय? तर म्हणाले, ‘दुर्गाबाई, आपण प्रत्येक गोष्टीची चेष्टा करू नये.’

हा डबा बोलतो कसा ते कळव. वायर कुठेच दिसत नाही.

तुझी आजी


बंगळुरू
१० जून

प्रिय आजी,
तुझा जावई म्हणजे माझे बाबा, हे लिहिताना तुझ्या लक्षात होतं ना? आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरोबर आहे.

हिंमतराव खास द्वारकाबाईंच्या खोलीत उतरून हार घालून आले, हे ऐकून ऑफिसात सगळे खूश झाले. आमच्या आमोद सरांनी तर मीटिंगमध्ये सांगितलं, की बघा, लोक किती आपुलकीने घेतायत.

आता डबा कसा बोलतो ते. आकाशवाणीसारखंच, आम्ही हवेतून एकदाच बोलतो आणि सगळ्या सेटना ऐकू जातं. पण हवेत काही तुकडे गळतात. तुझ्या सेटचा एक गळेल, शेजारच्या नम्रताकाकूंचा दुसराच. प्रत्येकाचा गळलेला तुकडा वेगळा पाठवत बसलं तर पाणी येऊन जाईल. म्हणून आम्ही तुकडे एकमेकांत मिसळून पाठवतो. तुझ्याकडे पहिला आहे, दुसरा नाही. त्यांच्याकडे दुसरा आहे, पहिला नाही. मी दोन्हींचं मिश्रण पाठवलं, की तू त्यातून आपला पहिला वजा करतेस आणि दुसरा मिळतो. त्यांचं उलट. एकाच पाठवणीत दोघींचं काम. पुरेसे मिसळलेले तुकडे जमले की सेट सगळा निरोप उलगडतो आणि बोलतो.

चिठ्ठ्यांचं मराठी मीच केलं. चांगलं झालंय ना? पुढच्या आठवड्यात चाचणी आहे. सगळे सेट बोलले का ते नक्की लिही.

तुझी ऋचा


शनिवार पेठ
२० जून

चि. ऋचा,
तुझी मिसळणी समजली. तुझ्या मामाला नाही समजली, म्हणून त्याला लाडवांवरून सांगितली. समज, मी खिडकीतून एकदाच ओरडले, ‘दोघींचे मिळून बारा लाडू!’ नम्रताला स्वतःचे सात ठाऊक, ती ओळखते की माझे पाच. मला माझे पाच ठाऊक, मी तिचे सात ओळखते. एका ओरडण्यात दोन घरं. पण जिला स्वतःचेच ठाऊक नाहीत, तिने बारा ऐकून काय करायचं? दिगंबर म्हणाला, आई, तू इंजिनियर व्हायला हवी होतीस. मी म्हटलं, तुला वाढवण्यात वेळ गेला.

आता चाचणीचं. दुपारी डबे बोलले. आमच्या इमारतीत तर इतक्या मोठ्याने, की यज्ञेश्वर दाढी करताना गाल कापून बसला. बाई छान बोलते तुमची, ‘ही चाचणी आहे, घाबरू नये’ म्हणून, ऐकून सगळे घाबरले.

मग मी काठी घेऊन खाली उतरले. रांगेत शांतता. पहिल्या खोलीचा डबा बोलला होता. पुढच्या दोन खोल्यांतले बोलले नाहीत. द्वारकाच्या डब्यात टिकटिक झाली म्हणे थोडी, पालीसारखी, आणि मग गप्प. तिला उठवून विचारलं तर डोळे चोळत म्हणते, ‘नाही बोलला म्हणजे पाणी नाही, आजी. झोपू द्या.’

तुमच्याकडे काय दिसलं?

आजी


बंगळुरू
२५ जून

प्रिय आजी,
आमच्या पडद्यावर तुमची सगळी गल्ली हिरवी दिसली. हिरवं म्हणजे सगळ्यांना पोचलं. एकही घर बाकी नाही.

कदाचित द्वारकाबाईंनी झोपेसाठी आवाज बारीक केला असेल. पण टिकटिक होऊन गप्प झाला असं तू लिहिलंस, ते मला आवडलं नाही. टिकटिक म्हणजे तुकडे येतायत, अजून पुरेसे झालेले नाहीत. आणि आमच्या पद्धतीत पुरेसे झाले नाहीत तर थोडंसुद्धा उलगडत नाही. एक कमी पडला तरी सेट गप्पच राहतो.

एक बघशील का? सगळे सेट एकदम ‘पोचलं, पोचलं’ म्हणू लागले तर हवेत नुसता कल्लोळ होतो. म्हणून गल्लीत एकच सेट सगळ्यांच्या वतीने पोच देतो. तोच मुख्य सेट. त्याला निरोप पूर्ण कळेपर्यंत आम्ही मिसळलेले तुकडे पाठवत राहतो, त्याची पोच आली की थांबतो. म्हणून तो मुद्दाम जिथे सगळ्यात वाईट ऐकू येतं तिथे ठेवायचा असतो. त्याला कळलं म्हणजे बाकीच्यांना कळलंच. तुमच्या गल्लीत ती जागा द्वारकाबाईंची फळी. तो तिथेच आहे ना? चिठ्ठी नीट वाचून सांग.

ऋचा


शनिवार पेठ
३० जून

ऋचा,
मुख्य सेट हिंमतरावांच्या दिवाणखान्यात आहे. तिसऱ्या मजल्यावर, टीव्हीच्या शेजारी, हारासकट. गच्ची डोक्यावर, समोर मोकळं आकाश. तिथे तर वाऱ्याच्या मनातलंही ऐकू येत असेल.

मी जिना चढून गेले. गुडघ्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. विचारलं, हा इथे कसा? म्हणाले, ‘फिटर लोकांनी चुकून द्वारकाबाईंकडे ठेवला होता. मी दुसऱ्याच दिवशी आमच्या साध्या सेटशी अदलाबदल करून दुरुस्ती केली. मुख्य सेट, आणि आयाच्या फळीवर, लोणच्याच्या बरणीशेजारी? काही रीत आहे की नाही?’ मी म्हटलं, अहो, तो मानाचा नाही, मुकादम आहे, सगळ्यात मागे चालतो. तर म्हणाले, ‘दुर्गाबाई, चिठ्ठीवर स्पष्ट मुख्य लिहिलंय. मुख्य शब्दाचा अर्थ आपण मला सांगू नये.’

आता तू मला सांग. पुण्यात, शनिवारात, एखाद्या वस्तूवर ‘मुख्य’ असं लिहून ती नदीच्या भिंतीला ठेवायची आणि तिथे राहील असं समजायचं? तुम्हाला पगार कशाचा देतात? ‘सगळ्यात शेवटचा’ असं लिहिलं असतंस तर हात कुणी लावला नसता.

आणि ते तुझं, एक तुकडा कमी पडला तरी काही उलगडत नाही, ते मला पटलं नाही. फोनवर निम्मं तरी ऐकू येतं. निम्म्यात ‘पाणी’ एवढं आलं तरी माणूस उठून पळतो. तुझा डबा एवढा शिकलेला की चुकायचं नाही म्हणून बोलतच नाही.

तुझ्या साहेबाला सांग. लवकर.

आजी


बंगळुरू
५ जुलै

आजी,
‘मुख्य’ माझाच शब्द. त्याबद्दल तू बोललीस ते पुरे आहे, मी आणखी काही लिहीत नाही.

आमोद सरांना सांगितलं. त्यांनी पडदा दाखवला. सगळ्या शहरात तुमची गल्ली सगळ्यात लवकर हिरवी होते. इतर ठिकाणी पोच यायला वेळ लागतो, तुमची लगेच येते. हाच पडदा ते पुढच्या कामासाठी बाहेरच्या लोकांना दाखवतायत. म्हणाले, पावसाळा संपला की जागा बदलू, आत्ता चालतंय ते हलवू नको. मी म्हटलं, चालत नाहीये. ते म्हणाले, पडद्यावर तर चालतंय.

त्यांना न सांगता मी हिंमतरावांना फोन केला. खूप आदराने बोलले. ‘ताई, आज संध्याकाळीच खाली पाठवतो,’ असं म्हणाले. पाठवला का? इथून मला कळत नाही. सेट कुठे आहे ते सेट सांगत नाही, तो फक्त पोच देतो.

द्वारकाबाईंना सांग, तोपर्यंत झोपायच्या आधी नदी बघत जा. सांगशील ना?

ऋचा


शनिवार पेठ
१२ जुलै

ऋचा,
कसला पाठवतोय. तुझ्या फोनचं त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं, की बंगळुरूहून कंपनीने स्वतः चौकशी केली. काय चौकशी केली ते सांगितलं नाही.

म्हणून मी मीटिंगमध्येच उभी राहिले. म्हटलं, हिंमतराव, तुमच्या घरापर्यंत पाणी आलं तर पुण्यात इशारा द्यायला कोणी उरणार नाही. तेव्हा तुमच्या दिवाणखान्यात तो डबा कोणाला सावध करतोय, टीव्हीला? लोक हसले. हसले म्हणून काम झालं, पटलं म्हणून नाही. ते स्वतः डबा घेऊन उतरले. हार काढून वहिनींच्या हातात दिला तेव्हा चेहरा असा, जणू पगडी उतरवली.

आता तो द्वारकाच्या फळीवर आहे. चिठ्ठी मी वाचली.

पण नवीन दुखणं सुरू झालंय. तुमची रोजची छोटी चाचणी पूर्वी एकदा टुणटुण करून थांबायची. आता थांबतच नाही. खाली मुकादमाला कळेपर्यंत वर इमारतीत डबे टुणटुणत राहतात. यज्ञेश्वर आला होता. ‘आजी, पोरांचा अभ्यास होत नाही, आईचं बीपी वाढतं, त्या एका खोलीसाठी सगळ्यांनी का सोसायचं?’ मी म्हटलं, ती खोली गेली की पुढची तुझी आहे असं समज. त्याला ते लांब वाटलं.

द्वारकाला नदी बघत जा म्हणून सांगितलं. हसली. ‘आजी, आता तर मुख्यच माझ्या उशाशी आहे. आता कशाला भिंतीवर चढू?’ तिचं हे बोलणं मला त्या डब्याच्या गप्प बसण्यापेक्षा वाईट वाटलं.

पाऊस लागून राहिलाय. नदीचा रंग बदलला.

आजी


बंगळुरू
१७ जुलै

आजी,
तुमची गल्ली लाल झाली! पडद्यावर लाल बघून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. लाल म्हणजे अजून सगळ्यांना पोचलं नाही, आम्ही पाठवतोय. मग कधी तरी हिरवं होतं, पण ते हिरवं खरं असतं. टुणटुण होते ती सोसू दे यज्ञेश्वरला. दोन-तीन ठिकाणी आवाज बारीक करता येतो, ते सांगेन.

पण लाल आमोद सरांनाही दिसलं. मला विचारलं, मी खरं सांगितलं. ओरडले नाहीत. म्हणाले, ठीक आहे, तिथल्या अध्यक्षांशी मी बोलतो. मला त्यांचं न ओरडणं नको वाटतंय.

धरण भरत आलंय. पाणी सोडायची वेळ या आठवड्यात कधीही येईल. मुख्य सेट कोणालाही हलवू देऊ नकोस. तू तिथे आहेस म्हणून मला काळजी नाही.

ऋचा


कर्वेनगर
२२ जुलै

ऋचा,
मी तिथे नाही.

काल दिगंबर येऊन मला कर्वेनगरला घेऊन आला. ‘आई, पाऊस फार आहे, चार दिवस आमच्याकडे राहा.’ मी येत नव्हते. सून म्हणाली, ‘अहो आई, तुमच्यावाचून तिकडे एवढं काय अडणार आहे?’ ते मला लागलं, आणि मी हो म्हटलं. द्वारकाला बजावून निघाले, डबा कोणाला देऊ नकोस. ‘नाही देत आजी,’ म्हणाली. रात्रपाळीवर निघाली होती, डबा हातात धरून दाखवला.

आत्ता दुपार आहे. दिगंबर बाहेरून आला आणि म्हणाला, भिडे पूल बंद केलाय, नदीपात्रातल्या रस्त्यावर पाणी आहे, गाड्या सगळ्या लकडी पुलावर अडकल्यात. मी म्हटलं, पूल बंद म्हणजे पाणी सोडलं. द्वारकाला फोन लाव. बंद. दिवसा इस्पितळवाले जादा पाळीला बोलावतात म्हणून ती झोपताना फोन बंदच करते, ते मला ठाऊक आहे. तुला लावला, लागत नाही. मग म्हटलं, हिंमतरावांना लाव.

त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला. दिगंबर ऐकत होता आणि मला सांगत होता. या वेळी त्याने काही मनाचं भरलं नाही. त्याचा चेहराच तसा होता.

हिंमतराव म्हणाले, ‘दुर्गाबाईंना सांगा, काळजीचं कारण नाही. तक्रार मिटली. बंगळुरूहून आमोदसाहेबांचा स्वतः फोन आला, मुख्य सेट योग्य जागी ठेवा म्हणून. सकाळी जाऊन घेऊन आलो. द्वारकाबाई नुकत्याच पाळीवरून येऊन झोपल्या होत्या, दार नुसतं ओढलेलं होतं. म्हटलं, झोपमोड कशाला करा. त्यांचा उचलला, त्या जागी आमचा साधा ठेवला. दिसायला सारखाच आहे, त्यांना कळणारही नाही.’

दिगंबरने विचारलं, खाली कोणी बघून आलं का?

म्हणाले, ‘कशाला? सगळं हिरवं झालंय. साहेबांचा अभिनंदनाचा मेसेज आला.’

मी दिगंबरच्या हातातून फोन घेतला आणि ओरडले, आत्ताच्या आत्ता खाली उतरा आणि तिचं दार वाजवा. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. दिगंबर म्हणतो, ‘जातो’ म्हणाले. पण म्हणतो, मागे टीव्ही चालू होता, आणि फोन ठेवेपर्यंत त्याचा आवाज लांब गेला नाही.

रांगेतला योगेश कामावर चाकणला. नम्रता फोन उचलत नाही. पोलिसांचा नंबर लागतो आणि नुसतं गाणं वाजतं. दिगंबर गाडी काढायला खाली गेलाय. पूल चालत ओलांडायचा म्हणाले तर चालत ओलांडीन. तो हाक मारेपर्यंत हे लिहितेय, कारण हाताला दुसरं काही करता येत नाही, आणि कारण पुढे कोणी तुला पडदा दाखवून सांगेल की इशारा वेळेवर पोचला होता.

पोचला होता. हिंमतरावांनी तो दिगंबरला शब्दन् शब्द म्हणून दाखवला, इतका स्वच्छ ऐकू आला म्हणून. ‘पाणी सोडत आहोत. नदीलगतच्या बैठ्या खोल्यांनी ताबडतोब घर सोडावे.’

तिसऱ्या मजल्यावर ऐकला त्यांनी. आणि सगळ्या गल्लीची पोच दिली.